फक्त क्रोममध्येच का? सार्वजनिक वेबसाइटची टेंडरं काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर व विदर्भातील शासकीय कार्यालये, महापालिका, विद्यापीठे आणि महामंडळे यांच्या वेबसाइटची टेंडरं काढणारे अधिकारी,
आणि ती कामे घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या

सप्रेम नमस्कार.

या वर्षी विदर्भातल्या एका सार्वजनिक संस्थेच्या पोर्टलने एक बदल केला. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये ते उघडले की पानावर राखाडी पडदा येतो आणि त्यावर लिहिलेले असते, ‘कृपया गूगल क्रोमची अद्ययावत आवृत्ती वापरा.’ खाली क्रोम उतरवून घ्यायची लिंक. बाकी काहीही करता येत नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण असे करणारी ती एकटी नाही आणि मला एका संस्थेशी भांडायचे नाही. मदत क्रमांकावर फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘क्रोम टाकून घ्या ना मॅडम, होऊन जाते.’ तो नीट बोलला, त्याला जे सांगायला सांगितले आहे तेच त्याने सांगितले. चूक त्याच्या वर कुठेतरी आहे. टेंडरच्या कागदात कुणीतरी एक ओळ लिहिली आणि कुणीतरी ती मंजूर केली. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी धरमपेठेत राहते. वेबसाइट बनवणे हा माझा व्यवसाय. इतवारीतले ठोक व्यापारी, काटोलकडचे संत्र्याचे पॅकिंगवाले, काही शाळा, एक-दोन दवाखाने ही माझी गिऱ्हाइकं. हे काम मी महागड्या कोर्समध्ये शिकले नाही. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन बसायचे, आवडलेले पान उघडायचे, ‘व्ह्यू सोर्स’ करून पानामागचा कोड उघडायचा आणि लिहिणाऱ्याने काय केले ते वाचायचे, असे शिकले. कुणाची परवानगी लागली नाही, परवान्याची फी लागली नाही. हे असेच आपोआप झालेले नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर सगळ्या जगासाठी मोफत सोडले. १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था उभी केली, आणि वेबचे नियम रॉयल्टीशिवाय सगळ्यांना मिळतील अशी तिथे घडी बसली. माझे घर त्या निर्णयावर चालते. तुमच्या टेंडरमधली ओळ त्याच निर्णयाच्या मुळावर येते, म्हणून मला गप्प बसवत नाही.

फोन ठेवल्यावर मी त्या पानाचा सोर्स उघडला. खरेच काही तांत्रिक अडचण असेल तर ती कळायला हवी होती. क्रोममध्येच असलेली एखादी सोय वापरली असती, समजा ब्राउझरमधून ब्लूटूथचे यंत्र चालवायचे असते, तर गोष्ट वेगळी. तसे काही नव्हते. साधा फॉर्म होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, काही कागदपत्रे पीडीएफमध्ये चढवायची, ओटीपी, सबमिट. त्याच्या वर जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळी. प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख सांगणारा एक मजकूर पाठवतो, त्याला युजर एजंट म्हणतात. त्यात ‘क्रोम’ हा शब्द आहे का, एवढेच त्या ओळी पाहत होत्या. नसला की पडदा. मी फायरफॉक्समध्ये तो मजकूर बदलून क्रोमचा लावला. पडदा गेला. फॉर्म भरला गेला, पीडीएफ चढल्या, ओटीपी आला, पावती क्रमांक मिळाला. सगळे फायरफॉक्समध्येच. म्हणजे फॉर्मला फायरफॉक्सची काही अडचण नव्हती. नागरिकाला अडवण्यासाठी वेगळे कष्ट घेऊन त्या ओळी लिहिल्या होत्या, आणि त्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून गेले.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली. एज आणि ऑपेरा यांच्या ओळखीतही ‘क्रोम’ हा शब्द असतो, त्यामुळे ते आत जातात. आयफोनवरचे क्रोम मात्र स्वतःला ‘सीआरआयओएस’ म्हणवते. म्हणजे आयफोनवाल्याने तुमचे ऐकून खुद्द क्रोम टाकले तरी त्याला पुन्हा ‘क्रोम वापरा’ असाच निरोप मिळतो. हे काम तपासून घेतले असे ज्यांनी कागदावर लिहिले, त्यांनी ते एकाच टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरवर पाहिले, एवढाच याचा अर्थ.

माझी पहिली तक्रार माणसांविषयी आहे. ‘क्रोम टाका, फुकट तर आहे’ हे सांगणे सोपे आहे. पण क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये, ११० व्या आवृत्तीपासून, विंडोज ७ आणि ८.१ चा आधार काढून घेतला. ३२ बिटच्या लिनक्सचा तर २०१६ मध्येच. तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात, शाळेच्या लॅबमध्ये, जुन्या वाचनालयात कुठले कॉम्प्युटर आहेत ते एकदा जाऊन पाहा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्याची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जुन्या विंडोजसाठी त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या देत चालू ठेवली. म्हणजे त्या गरीब कॉम्प्युटरवर सुरक्षित चालू शकणारा ब्राउझर होता, आणि तुमच्या पोर्टलने नेमका तोच बाहेर ठेवला. ‘अद्ययावत आवृत्ती’ या दोन शब्दांचा अर्थ तिथे ‘नवा कॉम्प्युटर घ्या’ असा होतो. कॉलेजच्या लायब्ररीत बसलेल्या मुलीला तर काही टाकायचा अधिकारच नसतो. पासवर्ड लॅब असिस्टंटकडे, आणि तो सुट्टीवर. फॉर्मची शेवटची तारीख मात्र सुट्टीवर जात नाही.

माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी पूर्ण अंध आहे. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणाने सुरू केलेले हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि पहिल्यापासून त्याची फायरफॉक्सशी चांगली जोडी जमलेली आहे. त्या मुलाचे सगळे बोटांत बसले आहे, कुठली कळ दाबली की पुढचे शीर्षक, कुठली दाबली की पुढचा रकाना. पडद्यावर ‘क्रोम वापरा’ असे जे चित्र तुम्ही लावले, त्याला पर्यायी मजकूर दिलेला नव्हता. त्याला फक्त ‘ग्राफिक’ एवढेच ऐकू आले. पान का चालत नाही हेसुद्धा त्याला कळले नाही. क्रोममध्येही एनव्हीडीए चालते, हे मला माहीत आहे. पण नंतर क्रोममध्ये बसून फॉर्म उघडला तेव्हा जन्मतारखेचा रकाना फक्त माउसने चालणारा निघाला, आणि पानाच्या पहिल्या ओळीत भाषा ‘इंग्रजी’ अशी जाहीर केलेली. त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला लागला. त्या ओळीत दोनच अक्षरांचा मराठीचा संकेत लिहायचा असतो. तो लिहिला आणि फॉन्टमध्ये सोय असली की डोळस वाचकालाही ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. राज्य शासनानेच ही वळणे ठरवून दिलेली आहेत. एकाच ब्राउझरवर, एकाच माणसाने, माउसने तपासलेल्या कामात या गोष्टी सुटणारच. ब्राउझर अनेक हवेत ही मागणी आणि माणसे अनेक तऱ्हेची असतात हे भान, या मला तरी वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

दुसरी तक्रार अशी की हा खड्डा आपण आधी पाहिलेला आहे. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट प्रत्येकी आपापल्या फॉन्टवर चालायच्या. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे. काही ठिकाणी इंटरनेट एक्सप्लोरर असला तरच मराठी दिसायचे. सरकारी कागदही असेच ठरावीक फॉन्टमध्ये अडकलेले. त्या काळातला किती मराठी मजकूर आज शोधून सापडत नाही, नुसता कॉपी केला तरी कचरा होतो, हे जुने दस्तऐवज हाताळणाऱ्या कुठल्याही लिपिकाला विचारा. युनिकोड आले, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला एक खुला नियम आला, आणि मराठी त्यातून सुटली. एखाद्या कंपनीने उपकार केले म्हणून नव्हे.

इंटरनेट एक्सप्लोररचे काय झाले तेही आठवा. शतकाच्या सुरुवातीला जगातले दहापैकी नऊहून जास्त लोक तोच वापरत होते. सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. स्पर्धकच उरला नव्हता, मग सुधारणा कुणासाठी करायची? २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आले तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टला जाग आली. आपल्याकडे ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांना विचारा. डिजिटल सहीसाठी जावाची ठरावीक आवृत्ती आणि इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवलेला एक वेगळा कॉम्प्युटर कितीतरी कार्यालयांत वर्षानुवर्षे ठेवावा लागला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनेच तो ब्राउझर बंद केला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर टेंडर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. त्या देशाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑनलाइन व्यवहारांसाठी स्वतःची सांकेतिक पद्धत तयार केली. हेतू चांगला होता. पण ती चालायची ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या आधाराने, आणि ॲक्टिव्हएक्स चालायचे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. बँक, कर, खरेदी, सगळा देश एका परक्या कंपनीच्या एका ब्राउझरला बांधला गेला. २०१४ मध्ये गाजलेल्या एका कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना विकत घ्यायचा होता, तर या व्यवस्थेमुळे त्यांना पैसेच भरता येईनात, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांना त्यावर बोलावे लागले. त्या सरकारमान्य प्रमाणपत्रांची मक्तेदारी कायद्यातून जायला २०२० चा डिसेंबर उजाडला. इंटरनेटच्या वेगात जगाच्या पुढे असलेला देश, आणि दोन दशके अडकून पडला. सुरुवात अशाच एका तांत्रिक अटीने झाली होती.

आता तिसरी तक्रार. माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी, आणि टेंडर लिहिताना ती कुणाच्या मनातही येत नाही.

ब्राउझर पुष्कळ दिसतात. पण पान प्रत्यक्ष उभे करणारे जे इंजिन आत असते, ती मोठी इंजिने आता तीनच उरली आहेत. गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने स्वतःचे इंजिन २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये हात टेकले आणि एज गूगलच्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या कोडवर, नेला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे क्रोमियमवर. आपल्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा घेतली. २०२५ मध्ये तिचे पहिले बक्षीस झोहोच्या उला या ब्राउझरला मिळाले. त्या चमूच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण उलाच्या आतही क्रोमियमच आहे. नाव भारतीय आणि इंजिन तेच. क्रोमियमचा कोड सगळ्यांना खुला आहे हे खरे. पण त्यात कुठला बदल घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवणारे लोक मुख्यतः एकाच कंपनीच्या पगारावर आहेत. जगात साधारण दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात, भारतात प्रमाण त्याहूनही बरेच जास्त.

एक इंजिन उरले तर काय बिघडते? वेबच्या नियमांची एक जुनी रीत आहे. एखादा नियम पक्का करण्याआधी तो किमान दोन ठिकाणी, दोन वेगळ्या लोकांनी, स्वतंत्रपणे लिहून चालवून दाखवावा. म्हणजे नियमाच्या शब्दांत खरेच सगळे आले आहे की नाही ते कळते. २०१० मध्ये ब्राउझरमध्ये माहिती साठवण्याचा वेब एसक्यूएल नावाचा एक प्रस्ताव डब्ल्यूथ्रीसीने याच कारणाने थांबवला. तो अमलात आणणाऱ्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हे एकच सॉफ्टवेअर वापरले होते. दुसरी साक्षच नव्हती. तेव्हा तसे म्हणता आले, कारण दुसरी इंजिने जिवंत होती. उद्या गेको संपले तर कुठल्याही प्रस्तावाला दुसरी साक्ष कुणाची घ्यायची? मग एखाद्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये जे चालते तोच नियम, आणि त्याची चूक हासुद्धा नियमच.

नकार देणारा कुणी असला की काय होते याचीही उदाहरणे ताजी आहेत. २०२१ मध्ये गूगलने फ्लॉक नावाची योजना आणली. लोक कुठल्या साइट पाहतात त्यावरून ब्राउझरनेच त्यांचे जाहिरातींसाठी गट पाडायचे. मोझिला, ब्रेव्ह आणि इतरांनी ती आपल्या ब्राउझरमध्ये घ्यायला नकार दिला. जानेवारी २०२२ मध्ये गूगलने ती मागे घेतली. २०२३ मध्ये दुसरा प्रस्ताव आला. वेबसाइटने आधी विचारायचे की हा कॉम्प्युटर, हा ब्राउझर ‘विश्वासू’ आहे का, आणि तसा दाखला तिसऱ्याच कुणीतरी द्यायचा. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालवणाऱ्याला असा दाखला मिळाला नाही तर? जगभरातून विरोध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोही मागे घ्यावा लागला. पण प्रत्येक वेळी असे होत नाही. इतर साइटवरून माग काढणाऱ्या थर्ड-पार्टी कुकी ॲपलच्या सफारीने आणि फायरफॉक्सने मागेच अडवायला सुरुवात केली. क्रोममधून त्या काढू असे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले आणि नंतर तो बेत सोडून दिला. ज्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींची, तिच्याच हातात सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर असला की निर्णय कुठे झुकतात ते यावरून दिसते. तुम्ही नागरिकाला त्याच ब्राउझरकडे ढकलता, तेही सरकारी कामासाठी.

ॲपलचे वागणेही मला तितकेच नामंजूर आहे. आयफोनवर कुठल्याही नावाचा ब्राउझर घ्या, आत वेबकिटच वापरायची सक्ती. युरोपने कायदा करून २०२४ मध्ये ही सक्ती मोडली, भारतात अजून नाही. तेव्हा हे पत्र एका कंपनीविरुद्धचे समजू नये. क्रोम वाईट आहे असेही मी म्हणत नाही. त्याच्या इंजिनिअरांनी ब्राउझर वेगवान केला, सुरक्षित केला, त्याचा फायदा मलाही झाला. माझा आक्षेप सक्तीला आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. प्ले स्टोअरसोबत क्रोमही फोनमध्ये आधीपासून घालायला लावणे हा त्यातला एक मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला. अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निर्णय दिला. फोन आणि ब्राउझरांत आपली शोधसेवा आधीच लावलेली असावी म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे त्या खटल्यात उघड झाले. मोझिलाची बहुतेक कमाईसुद्धा अशाच करारातून येते, म्हणजे उरलेला स्वतंत्र ब्राउझरही त्याच कंपनीच्या पैशावर उभा आहे. इतका तो अशक्त आहे. एकीकडे आपल्याच देशाचा आयोग क्रोम लोकांवर लादल्याबद्दल कोट्यवधींचा दंड करतो, आणि दुसरीकडे आपलीच कार्यालये टेंडरमध्ये क्रोमची अट घालतात. हे कुणाला तरी सांगायला हवे होते.

आणि तुमच्या हातात नियम नाहीत असेही नाही. ई-गव्हर्नन्ससाठी खुली मानके वापरायचे केंद्राचे धोरण नोव्हेंबर २०१० चे आहे. मानक रॉयल्टीमुक्त असावे, ते ना-नफा संस्थेने सांभाळलेले असावे, कुठल्याही एका तंत्रज्ञानाला बांधलेले नसावे, भारतीय भाषांना त्यात जागा असावी, असे त्यात स्पष्ट आहे. सरकारी वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. वेगवेगळ्या ब्राउझरांवर तपासा, प्रादेशिक भाषांचे फॉन्ट तपासा, हे त्यात नवीन नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रत्येक टेंडरमध्ये ‘सर्व शासकीय मार्गदर्शक सूचनांचे पालन बंधनकारक’ असे एक वाक्य असते. दोन पानांनंतर ‘गूगल क्रोममध्ये चालणे आवश्यक’ असेही असते. बिल काढताना पाहिले जाते ते दुसरे.

‘नव्वद टक्के लोक क्रोमच वापरतात, उरलेल्यांसाठी खर्च कशाला?’ हा प्रश्न मला बैठकांत नेहमी ऐकू येतो. खासगी दुकानदाराने तसे म्हटले तर तो त्याचा धंदा. सार्वजनिक संस्थेला उरलेले दहा टक्के सोडून देता येत नाहीत, कारण त्यांना जायला दुसरे दुकान नाही. जन्माचा दाखला दुसरीकडे मिळत नाही. आणि खर्चाचे म्हणाल तर आज हे काम पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी ‘इंटरॉप’ या उपक्रमात एकत्र बसून आपापल्या इंजिनांतले फरक कमी करतात. प्लेराइट हे मोफत साधन एकच चाचणी तिन्ही इंजिनांवर चालवून दाखवते. मी छोटी कामे करणारी बाई, माझ्या संत्र्याच्या पॅकिंगवाल्याची ऑर्डरची साइट तिन्हींवर चालते. त्याने वेगळे पैसे दिलेले नाहीत. नियमाप्रमाणे लिहिले की ती बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात चालते. लाखोंचे काम घेणाऱ्या कंपनीला ते जमू नये?

माझ्या मागण्या अशा :

१. आजपासून कुठल्याही टेंडरमध्ये ब्राउझरचे नाव अट म्हणून लिहू नये. त्याऐवजी लिहावे, ‘ही सेवा डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी यांच्या खुल्या मानकांनुसार असेल आणि ब्लिंक, वेबकिट व गेको या तिन्ही इंजिनांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालेल.’ (व्हॉटडब्ल्यूजी म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्यांचा, एचटीएमएलचे मानक सांभाळणारा गट.)

२. चालू पोर्टलांमधली ब्राउझर अडवणारी तपासणी काढून टाकावी. याला टेंडर लागत नाही, बैठक लागत नाही. काही ओळी पुसायच्या आहेत. फार तर सूचना दाखवा, पण आत येऊ द्या.

३. काम ताब्यात घेताना, म्हणजे यूएटीच्या वेळी, पूर्ण फॉर्म तिन्ही इंजिनांवर भरून दाखवायला सांगावा, पीडीएफ चढवून पावती मिळेपर्यंत. त्यातला एक प्रयोग जुन्या कॉम्प्युटरवर आणि एक स्वस्त फोनवर. तोपर्यंत शेवटचे बिल थांबवावे.

४. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून तपासणी करून घ्यावी आणि तिचे योग्य मानधन द्यावे. सेवा म्हणून फुकट मागू नये. मराठी पानावर भाषा मराठी म्हणूनच जाहीर केलेली असावी.

५. वेबवर भारतीय लिप्या कशा मांडायच्या याचे काम डब्ल्यूथ्रीसीमध्ये खुलेपणाने चालते. मराठीसाठी बोलणारे माणूस तिथे राज्याच्या वतीने कायम असावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचे ठरवले. त्याचा निधी सोहळ्यांबरोबर या कामालाही लागू द्या. व्हीएनआयटी आहे, नागपूर विद्यापीठ आहे, शिकलेली मुले आपल्याकडे भरपूर आहेत.

परसोडीच्या आयटी पार्कमधल्या आणि मिहानमधल्या कंपन्यांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या टीममधली बरीच मुले मला ओळखतात. ती वाईट काम करत नाहीत, त्यांना वेळ दिला जात नाही. एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचे, ठरण्यासाठी दर पाडता आणि मग तपासणीचे दिवस कापता. टेंडरमध्ये क्रोम लिहिलेले असले तरी त्याच्या पलीकडे चालणारे काम द्यायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. आणि टेंडरपूर्व बैठकीत हात वर करून ‘ही अट काढा’ असे तुम्हीच म्हणू शकता. तिथे आम्हाला प्रवेश नसतो, तुम्हाला असतो.

हिवाळी अधिवेशनासाठी सगळी सरकारी खाती नागपुरात येतात. त्याआधी या मागण्यांवर लेखी आणि जाहीर उत्तर मिळावे, अशी विनंती आहे. एखाद्या कार्यालयाने आपले पोर्टल तपासून मागितले तर मी आणि माझ्यासोबत काम करणारी मंडळी शनिवार-रविवारी येऊन पहिली तपासणी करून देऊ. कुठले पान, कुठला रकाना, कुठल्या इंजिनात काय अडते आणि ते कसे दुरुस्त करायचे, हे ओळीगणिक लिहून देऊ. ती यादी मात्र कार्यालयाच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येईल अशी लावावी, एवढी एकच अट.

आपली,
वेबसाइट बनवणारी एक नागरिक
धरमपेठ, नागपूर